राजाज्ञा आली, चर्च मात्र नाही: ग्रेगरीची कॉन्स्टँटिनोपलमधली प्रवचनं, इ.स. 380

ख्रिस्त देव आहे की देवाने निर्माण केलेला सगळ्यात थोर जीव, या भांडणाची गोष्ट सांगताना बहुतेक जण इ.स. 325 ची नायसियाची परिषद सांगतात आणि तिथेच थांबतात. बिशप जमले, सम्राट कॉन्स्टंटाईन येऊन बसला, एरियस हरला, ठराव झाला, विषय मिटला. प्रत्यक्षात काही मिटलं नव्हतं. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, 379 च्या सुरुवातीला, साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीत नायसियाचा ठराव मानणाऱ्यांच्या हातात एकही चर्च नव्हतं, कुणाच्या तरी घरात जमायचे बिचारे. आणि त्यांनी मदतीला बोलावून आणला कोण, तर पन्नाशीला टेकलेला, तब्येतीची कायम कुरकुर असलेला, जबाबदारी अंगावर आली की पळ काढायची जुनी सवय असलेला एक कवी मनाचा बिशप.

हे प्रकरण त्याच माणसाचं आहे, नाझिआंझसच्या ग्रेगरीचं, आणि त्याने 380 मध्ये दिलेल्या पाच प्रवचनांचं, त्यातल्याही तिसऱ्या आणि चौथ्याचं जास्त, कारण ती दोन ख्रिस्ताच्या देवत्वावर आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रवचनांनी शहर जिंकलं असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही, शहर सैन्याने ताब्यात घेतलं. प्रवचनांचं काम वेगळं होतं. बायबलमधली जी वचनं पुढे आली की नायसियावाले बॅकफूटवर जायचे, नेमकी तीच वचनं ग्रेगरीने उचलली आणि आपल्या बाजूचा पुरावा करून दाखवली. ते कसं केलं ते जवळून बघण्यासारखं आहे.

मागचा इतिहास पटकन सांगतो. अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा पाळक 318 च्या सुमारास म्हणू लागला की अनादी फक्त पिता, पुत्राला त्याने केलं, सगळ्या सृष्टीच्या आधी केलं पण केलं, म्हणजे पुत्र नव्हता असा काहीतरी टप्पा होताच. ऐकायला सरळ वाटतं, एकच देव मानणाऱ्या माणसाला तर फारच सरळ वाटतं, म्हणून ते पसरलं. नायसियाने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे. पण कॉन्स्टंटाईन 337 मध्ये वारला, नंतर त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस वेगळ्या बाजूला झुकला, आणि 360 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ठरलं की हा सत्त्वबित्त्वाचा शब्दच नको, पुत्र पित्यासारखा आहे एवढंच म्हणा आणि शांत बसा. सरकारला आवडावं असंच सूत्र हे, सगळ्यांना थोडं थोडं. पुढे सम्राट व्हॅलेन्सनेही तेच चालवलं. 9 ऑगस्ट 378 ला अ‍ॅड्रियानोपलजवळ गॉथ लोकांनी रोमन फौजेचा फडशा पाडला, त्यात व्हॅलेन्स मेला, त्याचा देहसुद्धा सापडला नाही. जानेवारी 379 मध्ये थिओडोसियस सम्राट झाला, हा स्पेनचा, नायसियावाल्या घरातला. म्हणजे वारं फिरणार हे दिसत होतं, पण नवा सम्राट गॉथांच्या मागे उत्तरेत अडकलेला आणि राजधानीत अजून जुन्याच मंडळींचं राज्य.

ही जुनी मंडळी म्हणजे सगळे एकाच पठडीतले नव्हते, हे लक्षात घेतलं नाही तर प्रवचनं कळत नाहीत. एक होता अधिकृत बिशप डेमोफिलस, 370 पासून गादीवर, तो 'पित्यासारखा' वाला. आया सोफिया (आताची इमारत नाही, तिच्या आधीची, 360 मध्ये उघडलेली), प्रेषितांचं चर्च, सगळं त्याच्याकडे. दुसरा गट युनोमियसचा. हा युनोमियस ग्रेगरीसारखाच कप्पाडोसियाचा, लॉजिकमध्ये पक्का, आणि त्याचं म्हणणं मधलंबिधलं काही नाही, सरळ टोकाचं: देवाचं स्वरूप म्हणजे 'जन्म नसणं', पुत्र तर जन्मलेला आहे, म्हणून पुत्राचं स्वरूप पित्यापेक्षा वेगळं, विषय संपला. दोन वाक्यांत देव सिद्ध, दोन वाक्यांत पुत्र खाली. त्यात आणखी काही जण पुत्राला देव मानायचे पण पवित्र आत्म्यापाशी अडखळायचे.

आणि वाद चर्चपुरता नव्हता. कैसरियाचा बिशप बेसिल, आपल्या ग्रेगरीचा दोस्त, त्याचा धाकटा भाऊ नायसाचा ग्रेगरी (हा दुसरा ग्रेगरी, गोंधळ करू नका), थोड्याच वर्षांनी या शहराबद्दल वैतागून सांगतो की सुटे पैसे मागितले तर समोरचा जन्मलेला आणि न जन्मलेला यावर तत्त्वज्ञान झाडतो, पावाचा भाव विचारला तर पिता मोठा आणि पुत्र त्याच्याखाली असं उत्तर मिळतं, अंघोळीचं पाणी तयार आहे का विचारलं तर नोकर म्हणतो पुत्र शून्यातून झाला. थोडी मसालेदार तक्रार असेल, प्रवचनकार होता तोही. पण हवा कशी होती ते कळतं.

आता आपला ग्रेगरी. बाप नाझिआंझसचा बिशप, आई नोना, तिनेच नवऱ्याला ख्रिस्ती केलेलं. शिक्षण एकदम टॉप, कैसरिया, अलेक्झांड्रिया, मग अथेन्समध्ये कितीतरी वर्षं, बेसिलशी दोस्ती तिथेच घट्ट झाली आणि पुढे ख्रिस्ती धर्म सोडणारा सम्राट ज्युलियन तिथे त्यांच्याच वेळी शिकत होता. बापाने जबरदस्तीने पाळक केलं तर हा पळून गेला, परत आला, मग पळून का गेलो यावर मोठा निबंध लिहिला. 372 मध्ये बेसिलने स्वतःच्या राजकारणासाठी त्याला सासिमा नावाच्या गावाचा बिशप केलं, ते गाव म्हणजे तीन रस्त्यांचा नाका, धूळ, गाड्यांचा खडखडाट, पाणी नाही, हिरवळ नाही. ग्रेगरी तिथे कधी नीट राहिलाच नाही आणि बेसिलवरचा राग आयुष्यभर गेला नाही. सासिमा लक्षात ठेवा, शेवटी तेच नडतं.

379 मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलला आला, नात्यातल्यांच्या घरी उतरला, त्याच घराचं प्रार्थनास्थळ केलं आणि नाव ठेवलं अनास्तासिया, म्हणजे पुनरुत्थान. राजधानीच्या लोकांना तो कसा दिसला असेल? तो स्वतःच लिहितो, टक्कल, वाकलेली पाठ, साधे कपडे, खेडवळ ठिकाणचा माणूस. त्याच वर्षीच्या ईस्टरच्या रात्री, बाप्तिस्मा चालू असताना, जमाव आत घुसला आणि दगडफेक झाली, त्यात संन्यासी होते, बायका होत्या. वर ग्रेगरीलाच कोर्टात उभं केलं. नंतर आत्मचरित्रपर कवितेत तो म्हणतो की दगड ही माझी मेजवानी होती, तक्रार एवढीच की नेम चांगला नव्हता. आणि त्याच प्रसंगानंतर त्याना नावाच्या शहराच्या बिशपला, थिओडोरला, लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की खटला भरू नकोस, माफ करून टाक. हा माणूस रडका होता पण भित्रा म्हणता येत नाही.

28 फेब्रुवारी 380 ला थेस्सलोनिकाहून थिओडोसियसची आज्ञा निघाली, खास कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांना उद्देशून, की रोमचा बिशप दमासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर जो विश्वास मानतात तोच खरा, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं एकच देवत्व, बाकीचे पाखंडी. कागदावर ग्रेगरी जिंकला. पण सम्राट थेस्सलोनिकात, आजारी, आणि शहरात डेमोफिलस आपल्या जागी तसाच. सातबारा तुमच्या नावावर झाला पण शेत अजून दुसराच कसतोय, अशी गत. हे जवळजवळ नऊ महिने चाललं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ती पाच प्रवचनं या मधल्या काळातली, 380 च्या उन्हाळ्यापासून पुढची. मला हेच महत्त्वाचं वाटतं. कायदा पाठीशी आहे पण अंमलबजावणी नाही, अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करतो, गप्प बसून वाट बघतो किंवा कायद्याच्या धमक्या देतो. ग्रेगरीने यातलं काहीच केलं नाही, तो भांडायला उभा राहिला, तेही डेमोफिलसशी न भांडता मुख्यतः युनोमियसवाल्यांशी. का? माझा अंदाज, डेमोफिलसचं सूत्र सरकारी होतं, सरकार बदललं की ते आपोआप पडणार होतं. युनोमियसचं लॉजिक कुठल्याही आज्ञेने पडणारं नव्हतं, ते बाजारात आणि जेवणाच्या पंगतीत फिरत होतं.

पहिल्या प्रवचनात तो आधी सगळ्यांना दटावतो. देवाबद्दल बोलणं प्रत्येकाचं काम नाही, प्रत्येक वेळी नाही, प्रत्येकासमोर नाही आणि प्रत्येक मुद्द्यावर नाही, बाजारात, मेजवानीत, जिथे बघावं तिथे हेच चाललंय. हे वाचताना थोडं खटकतं, खरं सांगायचं तर. स्वतः पाच-पाच प्रवचनं देणारा माणूस बाकीच्यांना गप्प राहा म्हणतो. पण त्याची चाल अशी की युनोमियसची ताकद मुळी 'देव पूर्ण समजतो' या आत्मविश्वासात होती, म्हणून दुसऱ्या प्रवचनात तो तोच पाया खणतो, देवाचं सत्त्व माणसाच्या बुद्धीत मावतच नाही, आधी मुंगी आणि मधमाशी समजावून सांगा मग देवाकडे या. पाया हलवल्यावर मग तिसऱ्यात ख्रिस्त.

तिसरं प्रवचन म्हणजे आपल्याकडच्या शास्त्रार्थासारखं, पूर्वपक्ष मांडायचा आणि खोडायचा, एकामागून एक, श्वास घ्यायला वेळ नाही. पूर्वपक्ष: जन्मला तर कधी जन्मला? उत्तर: काळच जिथे नव्हता तिथे 'कधी' कसलं विचारता, आणि कारण नेहमी आधी आणि कार्य नंतर असंही नाही, सूर्य प्रकाशाच्या आधीचा नसतो. पूर्वपक्ष: पित्याने पुत्राला इच्छेने जन्म दिला की इच्छेविरुद्ध? हा त्यांचा पेटंट पेच होता, कारण इच्छेविरुद्ध म्हटलं तर देवावर जबरदस्ती करणारा कोण, आणि इच्छेने म्हटलं तर पुत्र इच्छेतून झाला, स्वभावातून नाही, म्हणजे इतर सृष्टीसारखाच. ग्रेगरी काय करतो, विचारणाऱ्याच्याच बापाकडे वळतो. तुझ्या बापाने तुला इच्छेने जन्म दिला की नाही? नाही म्हणालास तर त्याच्यावर बळजबरी कुणी केली ते सांग, हो म्हणालास तर मग तू इच्छेचा मुलगा, बापाचा नाहीस. हशा पिकला असणार तिथे. मग पुढचा घाव, पिता स्वतः देव आहे तो इच्छेने आहे की इच्छेविरुद्ध? इथे हसणं थांबतं, कारण हा प्रश्न युनोमियसलाही परवडत नाही.

आणखी एक असाच: जन्माआधी पुत्र होता की नव्हता? होता म्हटलं तर जन्म कशाला, नव्हता म्हटलं तर एरियस बरोबर. ग्रेगरी म्हणतो, काही प्रश्नच असे असतात की दोन्ही उत्तरं चुकतात, 'मी आत्ता खोटं बोलतोय' हे वाक्य खरं की खोटं ते आधी सांगा. अथेन्सचं शिक्षण इथे दिसतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा मुद्दा समोरच्याला गप्प करतो, पटवत नाही.

पण यानंतर जे येतं ते खरं उत्तर आहे. पूर्वपक्ष असा की 'पिता' हे नाव सत्त्वाचं आहे की क्रियेचं? सत्त्वाचं असेल तर पित्याचं सत्त्व एक आणि पुत्राचं दुसरं, कारण पुत्र काही पिता नाही. क्रियेचं असेल तर पुत्र त्या क्रियेचं फळ, म्हणजे केलेली वस्तू. ग्रेगरी म्हणतो, तिसरी शक्यता तुम्ही सोडलीत, पिता हे नाव नात्याचं आहे. पित्याचं पुत्राशी काय आणि पुत्राचं पित्याशी काय, ते हे नाव सांगतं, आणि आपल्यातसुद्धा बाप-लेक ही नावं दोघं एकाच जातकुळीचे आहेत हेच दाखवतात. युनोमियसची सगळी इमारत दोनच खांबांवर होती आणि याने मधून तिसरी वाट काढली. पुढच्या शतकांत त्रैक्यावर, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, जे काही लिहिलं गेलं त्यात हा 'नातं' वाला विचार सतत येत राहतो, ऑगस्टीनपर्यंत आणि त्याच्याही पुढे.

आता वचनांचा मुद्दा, जो मी सुरुवातीला म्हणालो. बायबलमध्ये अशा बऱ्याच जागा आहेत जिथे येशू लहान दिसतो. पिता माझ्यापेक्षा थोर आहे, असं योहानात तोच म्हणतो. शेवटचा दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्कात आहे. भूक लागते, झोप येते, रडतो, घाबरतो, आणि वधस्तंभावर देवाला विचारतो की मला का टाकलंस. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणतं की देवाने मला निर्माण केलं, आणि ज्ञान म्हणजे ख्रिस्त हे तर सगळेच धरून चाललेले. विरोधक ही यादी वाचायचे आणि नायसियावाले एकेक वचन वेगवेगळ्या पद्धतीने सावरत बसायचे, इथे रूपक आहे म्हण, तिथे संदर्भ वेगळा म्हण.

ग्रेगरी एकच नियम देतो. जे उंच आहे ते देवत्वाला लाव, जे खालचं आहे ते तुझ्यासाठी रिकामा झालेल्या, देह धारण केलेल्या त्याच्या माणूसपणाला लाव. नियम त्याने शोधला असं नाही, नायसियाच्या बाजूने आधी लढलेल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसकडे तो आहेच. पण ग्रेगरीने तो नियम कानांसाठी रचला. तिसऱ्या प्रवचनाच्या शेवटी जोड्यांची अशी रांग लावलीय की वाचतानाही ठेका धरावासा वाटतो: भूक लागली, पण हजारोंना जेवू घातलं. तहान लागली, पण तहानेल्यांनो माझ्याकडे या म्हणाला. थकला, पण थकलेल्यांचा विसावा तोच. झोपेने जड झाला, पण पाण्यावर हलका चालला. कर भरतो, पण माशाच्या तोंडातून. लाजरला कुठे ठेवलंय विचारतो कारण माणूस आहे, मेलेल्या लाजरला उठवतो कारण देव आहे. तीस नाण्यांना विकला जातो, फार स्वस्तात, आणि जगाला विकत घेतो फार महागात, स्वतःच्या रक्ताने. (हे माझ्या शब्दांत, संक्षेपात, मूळ रांग बरीच लांब आहे.)

आता बघा काय झालं. विरोधकांच्या यादीतली भूक, तहान, झोप, रडणं, एकही गोष्ट त्याने नाकारली नाही. उलट सगळी मोठ्याने वाचली, पण प्रत्येकाच्या शेजारी तिची जोडीदार ओळ बसवली, आणि ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकाच कर्त्याला चिकटल्या. यापुढे ज्याने हे ऐकलंय त्याला कुणी बाजारात म्हणालं की अरे तुमचा देव तर झोपला होता होडीत, तर त्याला ग्रंथ उघडायची गरज नाही, पुढची ओळ तोंडात तयार आहे.

चौथ्या प्रवचनात तो एकेक वचन घेऊन बसतो, तिथे वेग कमी आहे पण काम बारीक आहे. 'थोर' बद्दल तो म्हणतो, पिता थोर आहे तो कारण म्हणून, आणि समान आहे तो स्वभावाने. येशू माणूस होता म्हणून पिता त्याच्यापेक्षा थोर, एवढंच सांगून तो सोपी सुटका घेत नाही, कारण देव माणसापेक्षा थोर हे सांगण्यात काय मोठंसं, असं त्याला वाटतं. नीतिसूत्रांत तो बघतो की 'निर्माण केलं' याला पुढे कारण जोडलंय, कार्यांसाठी म्हणून, तर 'जन्म दिला' याला काही कारण जोडलेलं नाही, म्हणून पहिलं माणूसपणाला आणि दुसरं देवत्वाला. आजच्या अभ्यासकाला हे फार ओढूनताणून वाटेल, मलाही वाटतं. पण वधस्तंभावरच्या आरोळीचं त्याचं उत्तर मला या सगळ्यात उजवं वाटतं. पित्याने त्याला टाकलं नव्हतं, त्याचं देवत्वही घाबरून बाजूला झालं नव्हतं, टाकलेले आपण होतो आणि तो आपला आवाज स्वतःच्या तोंडातून काढत होता. म्हणजे जे वचन विरोधक सगळ्यात जोरात आपटायचे तेच अवताराचं कारण सांगणारं ठरलं.

नियमात एक धोका होता, तोही सांगायला हवा. हे देव म्हणून, ते माणूस म्हणून, असं कापत गेलं तर ख्रिस्त दोन होतात की काय? ग्रेगरी स्वतः कर्ता एकच ठेवतो, पण पुढच्या पिढीत बरोबर याच सांध्यावर भांडण पेटलं, 431 ची इफिससची आणि 451 ची कॅल्सिडनची परिषद त्यातूनच.

ऐकायला कोण होतं? राजधानीतली कायमची मंडळी, कुतूहल म्हणून आलेले, विरोधकही, आणि जेरोम, बायबलचा लॅटिन अनुवादकर्ता, तो तेव्हा शहरात होता आणि नंतर ग्रेगरीला अभिमानाने आपला गुरू म्हणायचा. पुढे वाळवंटात जाऊन नाव काढणारा एव्हाग्रियस ग्रेगरीचा डीकन म्हणून तिथे होता. निरोपाच्या भाषणात ग्रेगरी आठवण काढतो ती गर्दीने ढकलल्या जाणाऱ्या कठड्याची आणि उघडपणे व लपूनछपून लिहून घेणाऱ्या लेखण्यांची, म्हणजे लघुलेखक बसलेले असायचे. टाळ्यासुद्धा पडायच्या, तेव्हा चर्चमध्ये ती पद्धतच होती. त्यावरचा जेरोमने सांगितलेला किस्सा भारी आहे. लूकमधल्या एका अवघड शब्दाचा अर्थ त्याने विचारला तर ग्रेगरी थट्टेने म्हणाला, चर्चमध्ये सांगतो, तिथे सगळे टाळ्या वाजवतील तेव्हा तुला न कळलेलंही कळलं म्हणावं लागेल, एकटा गप्प राहिलास तर लोक तुलाच मूर्ख समजतील. म्हणजे टाळ्यांची किंमत या माणसाला बरोबर माहीत होती. आज आपल्या हातात जी प्रवचनं आहेत ती त्याने नंतर निवृत्तीत बसून सुधारलेली आहेत, तेव्हा सगळं जसंच्या तसं बोलला असेल असंही धरू नये.

माणसं ओळखण्यात मात्र हा कच्चा. अलेक्झांड्रियाहून मॅक्सिमस नावाचा एक तत्त्ववेत्ता आला, लांब केस, काठी, सिनिक पंथाचा वेश आणि नायसियाचा पक्का समर्थक. ग्रेगरी इतका खूश की त्याच्या स्तुतीचं आख्खं भाषण केलं. आणि 380 मध्येच, ग्रेगरी आजारी असताना, इजिप्तहून आलेल्या बिशपांनी रात्री गुपचूप याच मॅक्सिमसला कॉन्स्टँटिनोपलचा बिशप करायचा घाट घातला. अर्ध्यात उजाडलं, बातमी फुटली, लोक धावून आले, मग उरलेला विधी एका बासरीवाल्याच्या घरात उरकला आणि तिथे त्याचे ते प्रसिद्ध केस कापले. ग्रेगरीने नंतर त्या केसांवर ओळीच्या ओळी लिहिल्यात, राग कळतो. या सगळ्यामागे अलेक्झांड्रियाचा पीटर, तोच, ज्याचं नाव सम्राटाच्या आज्ञेत खऱ्या विश्वासाचं माप म्हणून आलेलं! शिकवण एकच असली तरी गादीचं पॉलिटिक्स वेगळंच चालतं.

24 नोव्हेंबर 380 ला थिओडोसियस शहरात आला. डेमोफिलसला विचारलं, नायसिया मान्य? तो नाही म्हणाला आणि चर्चं सोडून आपल्या लोकांसह तटाबाहेर प्रार्थना करू लागला. माझ्या मते त्याच्या बाजूने हे नोंदवायला पाहिजे, गादीसाठी शब्द फिरवला नाही त्याने. मग सम्राट स्वतः ग्रेगरीला प्रेषितांच्या चर्चमध्ये घेऊन गेला, दोन्ही बाजूंना सैन्य, रस्त्यावर, छपरांवर, खिडक्यांत माणसंच माणसं, आणि ती खूश नव्हती, रडत होती, चिडली होती. ग्रेगरी स्वतः लिहितो की शहर शत्रूने जिंकून घेतल्यासारखं दिसत होतं. आकाश ढगाळ होतं, तो आत गेल्यावर ऊन पडलं, त्याच्या माणसांनी तो शुभशकुन धरला आणि तोच बिशप हवा म्हणून आरडाओरडा केला. बोलण्यासाठीच ज्याला आणलं होतं त्याला त्या दिवशी आवाज फुटेना, दुसऱ्याकडून दोन शब्द बोलवून घ्यावे लागले. त्याच सुमारास आजारपणात भेटायला आलेल्या लोकांतला एक तरुण मागे थांबला आणि पायावर पडून रडायला लागला, तुला मारायला आलो होतो म्हणाला. ग्रेगरीने त्याला सोडून दिलं.

म्हणून मी म्हणतो की प्रवचनांचं यश मोजताना ही मिरवणूक त्यात धरू नका. प्रवचनांनी शहराचं बहुमत फिरलं असतं तर रस्त्यावर सैन्य लागलं नसतं. घरातल्या त्या छोट्या गटाला मात्र बोलायला तोंड मिळालं, आणि लेखण्यांमुळे ते तोंड शहराबाहेर गेलं.

पुढचं लवकर सांगतो कारण ते दुःखाचं आणि जरा कंटाळवाणंही आहे. मे 381 मध्ये परिषद भरली, परंपरेप्रमाणे 150 बिशप. अध्यक्ष मेलेशियस, अँटिओकचा बिशप, मध्येच वारला, ग्रेगरी अध्यक्ष झाला, अँटिओकच्या गादीवरून जुंपली, त्याने तडजोड सुचवली ती कुणी ऐकेना. इजिप्तचे बिशप उशिरा आले आणि नियम काढला, एका गावचा बिशप दुसऱ्या गावाला जाऊ शकत नाही, तू सासिमाचा. ज्या गावात तो कधी धड राहिला नाही त्याचं नाव पुढे करून! तेही नायसियाचाच नियम दाखवून. ग्रेगरीने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी नेक्टारियस नावाचा सरकारी अधिकारी आणला, ज्याचा अजून बाप्तिस्माही झालेला नव्हता. आज वसईत आणि गोव्यात मिस्साला नायसियाचा म्हणून जो मोठा मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हटला जातो त्याचा मजकूर याच 381 च्या परिषदेशी जोडलेला आहे, आणि ग्रेगरी त्यावर नाराजच होता, कारण पवित्र आत्म्याला सरळ 'देव' म्हणायचं धाडस त्यात नाही, तो पाचव्या प्रवचनात ते म्हणून मोकळा झाला होता. पुढे गावी जाऊन त्याने कविता लिहिल्या, पत्रं लिहिली, 390 च्या सुमारास वारला. 451 मध्ये कॅल्सिडनला त्याला 'थिओलॉजियन' म्हटलं गेलं, ती पदवी कायम राहिली. त्याच्या अस्थी रोममध्ये होत्या, पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर 2004 मध्ये त्या इस्तंबूलला परत दिल्या.

आणि ज्यांच्याशी भांडण होतं ते? ते तटाबाहेर होतेच. क्रायसोस्टम 398 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला तेव्हाही एरियसवाले शनिवारी रात्री शहराच्या कमानींखाली जमायचे, दोन गट करून आळीपाळीने गायचे आणि पहाटे गात गात वेशीबाहेरच्या आपल्या जागी जायचे. क्रायसोस्टमने उलट आपल्या मिरवणुका काढल्या, राणीने दिलेले चांदीचे क्रूस आणि मेणबत्त्या घेऊन. मग व्हायचं तेच झालं, एका रात्री दोन्ही मिरवणुका भिडल्या, राणीच्या ब्रिसो नावाच्या माणसाच्या कपाळात दगड बसला, दोन्हीकडचे काही जण मेले, आणि सम्राटाने एरियसवाल्यांच्या रस्त्यावरच्या गाण्यावर बंदी घातली. त्या गाण्यात ते विचारायचे की तिघांची शक्ती एकच म्हणणारे गेले कुठे.